चढ फुकट बदनाम आहे

पहाटे परतवाड्याच्या चौकात चहावाला भाऊ अजून भट्टी पेटवत असतो तेव्हा मी हेल्मेट घालून उभा असतो, आणि तो दर वेळी तेच विचारतो, "काऊन सर, चिखलदऱ्याले सायकलनं? एष्टी बंद पडली का?" एकदा मी त्याला नीट समजवून सांगितलं की भाऊ, ट्रायथलॉन नावाचा खेळ असतो, त्यातल्या हाफमध्ये, म्हणजे निम्म्या अंतराच्या प्रकारात, १.९ किमी पोहायचं, लगेच ९० किमी सायकल, लगेच २१.१ किमी पळायचं. तर म्हणे, "अन् मंग पैसे किती भेटते?" नाही भेटत, उलट फी भरावी लागते. त्या दिवशी चहात साखर जरा जास्तच होती, कीव आली असेल बिचाऱ्याला.

मागच्या हिवाळ्यात कुठल्या स्पर्धेला न जाता हे अंतर मी इथंच, आपलं आपण केलं. धरणात पोहलो, सोबत मित्र ट्यूब घेऊन होता. मग अंजनगावच्या बाजूनं सपाटीवर ३० किमी, मग घाट चढून चिखलदरा आणि परत. पळायला पण घाटच निवडला, साडेदहा किमी वर आणि तेवढंच खाली. अस्वलाची भीती होती, पण खरी भीती चढाची होती. आणि तिथंच चुकलो.

पोहण्याचं जास्त काही सांगत नाही, पाण्याला चढ नसतो.

सायकलचं गणित मात्र बघण्यासारखं आहे. परतवाडा पायथ्याशी आणि चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटरवर, म्हणजे मधे धरा ७०० मीटरची उंची. मी आणि सायकल मिळून ८० किलो. एवढं वजन तेवढं वर न्यायला साधारण ५५० किलोज्यूल लागतात, मग तुम्ही रडत जा नाही तर गात जा, त्यात सूट नाही. आपलं शरीर म्हणजे फार काही चांगलं इंजिन नाही, जाळलेल्या इंधनातला पाव हिस्साच पॅडलला पोचतो. म्हणून तेवढ्यासाठी सव्वापाचशे कॅलरी जातात आणि उरलेल्या पाऊण भागाची नुसती उष्णता होते. मी १५० वॅटनं पॅडल मारत असलो तर साडेचारशेच्या आसपास वॅट उष्णता अंगातून बाहेर पडायला बघते. सपाटीवर वारा लागतो, घाम उडतो, अंग थंड राहतं. घाटात ताशी १० च्या स्पीडला कसला वारा आलाय, घाम नुसता नाकावरून टपटप हँडलवर पडतो, आणि टपकलेला घाम काही कामाचा नाही, वाफ झाली तरच तो उष्णता घेऊन जातो. आपल्या ऑक्टोबर हीटमधे घाटात डोकं का तापतं ते यावरून कळेल.

दुसरी गंमत हवेची. हवेचा अडथळा तोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते, म्हणजे ताशी ३० ला जेवढी लागते त्याच्या सत्ताविसावा हिस्सा ताशी १० ला. म्हणून ती महागडी विमानासारखी दिसणारी सायकल चढावर काही खास करत नाही, तिथं वजन बोलतं. पण किती बोलतं? एक किलो कमी केलं तर या अख्ख्या चढावर पाऊण मिनिट वाचतं. त्या पाऊण मिनिटासाठी लोक हजारो रुपये मोजतात, मी रात्रीचा दुसऱ्यांदा भात बंद केला.

गिअरवर मात्र खर्च करा. चढ ८ टक्क्यांचा आणि स्पीड ताशी ८ असेल तर पुढं ३४ दातांची चेनरिंग आणि मागं २८ दातांची चकती असताना पाय मिनिटाला ५२ वेळा फिरतात, मागं ३४ टाकली तर ६३. ताकद तेवढीच, पण एकेका पॅडलवरचा जोर कमी, आणि मांड्या पळायसाठी शिल्लक राहतात. अमेरिकेत मेरीलँडमधे सॅव्हेजमॅन नावाची अशीच डोंगरातली हाफ व्हायची, तिच्यात वेस्टर्नपोर्ट वॉल म्हणून एक चढ, सगळ्यात उभा तुकडा ३१ टक्क्यांचा, न उतरता चढला तर रस्त्यातल्या विटेवर तुमचं नाव कोरायचे. आपल्या घाटात तसलं काही नाही, देवाची कृपा.

आणि सरासरीच्या नादी लागू नका. १५ किमी चढ ताशी १० नं आणि तोच १५ किमी उतार ताशी ४० नं, तर सरासरी २५ वाटते ना? येते १६. चढाला दीड तास जातो, उताराला साडेबावीस मिनिटं. हे कळलं की माणूस चढावर जोर लावायला जातो, आणि जोर लावला की शरीर चरबी सोडून ग्लायकोजेनवर, म्हणजे स्नायूत आणि यकृतात साठवलेल्या साखरेवर येतं, जिचा साठा सगळा मिळून चार-पाचशे ग्रॅम. मी खिशात गूळ ठेवला होता आणि दर वीस मिनिटांनी खडा चघळत होतो, गुळातली साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज निम्मं फ्रुक्टोज, दोघांना आतड्यातून आत जायचे दरवाजे वेगळे, त्यामुळे तासाला नुसत्या ग्लुकोजपेक्षा जास्त पोटात मुरतं.

तर सायकल झाली, पळत घाट चढलो, दम लागला पण चढलो. वळलो आणि खूश झालो की आता काय, उतारच आहे. श्वास एकदम हलका, पाय आपोआप पडतायत. चौथ्या किलोमीटरला मांड्या थरथरायला लागल्या आणि सातव्याला गुडघे असे वाकायला लागले की जणू माझे नाहीतच.

सायकलवर मांडीचा स्नायू आखडताना जोर लावतो. उतारावर पळताना उलटं होतं, पाय टेकला की गुडघा वाकतो, म्हणजे मांडीचा स्नायू ताणला जातोय आणि त्याच वेळी ब्रेक मारतोय. १९५२ साली ॲबट, बिगलँड आणि रिची या तिघांनी लंडनमधे दोन सायकली पाठीला पाठ लावून एका चेननं जोडल्या. एकानं पॅडल मारायचं, दुसऱ्यानं नुसतं अडवायचं, त्याचे पाय उलटे फिरत राहणार. जोर दोघांचा सारखा, पण अडवणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागला. रॉयल सोसायटीत हे करून दाखवलं तेव्हा एका किरकोळ अंगाच्या बाईनं आरामात बसून धिप्पाड माणसाला दमवलं.

कारण असं की स्नायूतले मायोसिन नावाच्या प्रथिनाचे बारीक हुक ओढायला एटीपी, म्हणजे पेशीतलं इंधन, खर्चतात, पण ताणताना ते बाहेरच्या जोरानंच सुटतात, खर्च वाचतो. शिवाय ताणताना एकेक तंतू जास्त जोर धरतो, म्हणून थोडेच तंतू कामाला लागतात, आणि सगळा भार त्या थोड्यांवर, मग त्यांच्यात बारीक बारीक फाटतं. विहिरीत भरलेली बादली दोरानं हळूहळू खाली सोडून बघा, दम लागत नाही, तळहात सोलतात. उतारावर श्वास खोटं सांगतो तो असा.

आणि वर्षानुवर्षं घाटात सायकल मारली तरी या कामाची सवय होत नाही, सायकलवर ते काम जवळपास नसतंच. माझे पाय त्या बाबतीत अगदी कोरे होते.

दोन दिवसांनी शाळेत जिना चढलो मस्त, उतरताना मात्र कठडा धरून उलटा उतरलो, मागच्या मागं, आठवीची पोरं खाली उभी राहून हसतायत. लोक म्हणतात लॅक्टिक ॲसिड साचलं, ते तर तासाभरात निघून जातं. हे दुखणं त्या फाटण्याचं आणि त्यावरच्या सुजेचं, एक ते तीन दिवसात सगळ्यात जास्त.

आमचे शिपाई काका मेळघाटातले, लहानपण डोंगर चढण्या-उतरण्यात गेलं. ते बघत होते. म्हणाले, "सर, उतारावर ढांगा नाही टाकायच्या, कोंबडीसारखं चालायचं." बरोबर आहे की, पाऊल छोटं तर दर पावलाला शरीर कमी खाली पडतं, ब्रेक कमी लागतो. आणि त्यांच्या मांड्यांना त्या फाटण्याची कधीची सवय झालेली, कारण एकदा उतार बऱ्यापैकी पळून घेतला की स्नायू दुरुस्त होताना मजबूत होतो आणि पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतारानं तेवढं दुखत नाही. एका खेपेत पण फरक पडतो, फक्त ती खेप स्पर्धेच्या आठवड्यात नको, दोन-तीन आठवडे आधी पाहिजे.

म्हणून आता रविवारी मी सायकल घरी ठेवतो. पहिल्या एष्टीनं वर जातो आणि घाटातून कोंबडीसारखा पळत खाली येतो. चहावाल्या भाऊनं परवा विचारलं नाही काही, नुसतं बघितलं.