नोहाचे तीन मुलगे आणि शरणपूरची आफ्रिकन मुलं

नाशिकमध्ये पूर मोजायला मीटर लागत नाही. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं की छातीला, एवढं सांगितलं की पुरे. १९६९ चा पूर पाहिलेली माणसं तर सरकारवाड्याच्या पायऱ्यांवरून हिशेब सांगतात. इथे पूर वाडवडिलांच्या आठवणीत राहतो. बायबलमधल्या जलप्रलयावर, ज्यात सगळं जग बुडून नोहाच्या तारवातली (जहाजातली) माणसंच वाचली, मात्र वाद होतो, आणि तो शरणपूर रोडला रविवारची उपासना आटोपल्यावर उभ्या उभ्या चहा पिताना होतो.

मी ऐकला तेव्हा सुरुवात दहावीतल्या एका मुलाने केली. "तारवात आठच माणसं ना? नोहा, त्याची बायको, तीन मुलगे, तीन सुना. मग आफ्रिकन, चिनी, गोरे आणि आपण, एवढे वेगवेगळे कुठून आले?" शेजारच्या काकांनी तीन बोटं पुढे केली : हाम काळा, याफेथ गोरा, शेम मधला. विषय संपला.

हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातंय, पण बायबलमध्ये ते नाही. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात शेम, हाम आणि याफेथ यांच्या वंशातून निघालेल्या राष्ट्रांची यादी आहे, रंगाचा तिथे एकही शब्द नाही. शापाची गोष्ट नवव्या अध्यायात येते. तारवातून उतरल्यावर नोहा द्राक्षमळा लावतो (हे वाचून नाशिककराला हसू आलं तर दोष नाही), पिऊन उघडा पडतो, हाम त्याला तसा पाहतो. शुद्धीवर आल्यावर नोहा शाप देतो तो हामला नाही, हामच्या कनान नावाच्या मुलाला. आफ्रिकेकडे नेता येतील असे कूश आणि मिस्राईम हे हामचे दुसरे मुलगे या शापात नाहीतच. तरीही 'हामचा शाप म्हणजे काळा रंग आणि गुलामी' हा अर्थ शतकानुशतकं चालला, कारण गुलामांचा व्यापार करणाऱ्यांना तो सोयीचा होता.

मूळ प्रश्नाला धार आली ती तारखांमुळे. सतराव्या शतकात जेम्स अशर या आयरिश आर्चबिशपने वंशावळींची बेरीज करून सृष्टीचा आरंभ इ.स.पू. ४००४ असा ठरवला. त्या हिशेबाने जलप्रलय इ.स.पू. २३४८ च्या सुमारास येतो. १७०१ पासून या तारखा इंग्रजी बायबलच्या समासात छापल्या जाऊ लागल्या आणि वाचणाऱ्यांना त्या शास्त्रवचनासारख्याच वाटू लागल्या. अशरच्या हयातीतच, १६५५ मध्ये, इझाक ला पेरेर या फ्रेंच माणसाने आदामाच्या आधीही माणसं होती असं छापलं. त्याला अटक झाली आणि पुढे त्याला शब्द मागे घ्यावे लागले.

भारताचा भाग खरा गमतीचा आहे. सर विल्यम जोन्स म्हणजे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असं १७८६ मध्ये मांडणारे न्यायाधीश. त्यांनी जगातली माणसं नोहाच्या तीन मुलांत वाटली तेव्हा हिंदूंना हामच्या कुळात टाकलं, आणि त्यांच्यासोबत ग्रीक-रोमनांनाही! मनू आणि मासा ही भागवत पुराणातली प्रलयकथा त्यांना नोहाचीच आठवण वाटत होती. काशीत फ्रान्सिस विल्फर्ड नावाचा लष्करी अधिकारी त्याच वाटेने शोध घेत होता. तो आपल्या पंडिताला नोहाच्या गोष्टी सांगायचा आणि पोथ्यांत असं काही सापडतं का ते बघायला सांगायचा. सापडलं! सत्यवर्म्याचे तीन मुलगे : शर्म, चर्म आणि ज्यापती. जोन्ससारखा माणूसही भुलला. पंडिताने पानं बदलून ही नावं पोथीत घुसडली होती, हे १८०५ मध्ये विल्फर्डला स्वतःच छापून कबूल करावं लागलं. मला त्या पंडिताचा राग येत नाही. साहेबाला जे हवं होतं ते त्याने दिलं.

मग आलं १८५४. त्या वर्षी अमेरिकेत नॉट आणि ग्लिडन यांनी एक जाडजूड ग्रंथ काढला. त्यांचा युक्तिवाद ऐकायला शास्त्रीय होता : इजिप्तच्या जुन्या चित्रांत काळी आणि गोरी माणसं आजच्याइतकीच वेगळी दिसतात, जलप्रलयानंतरच्या हजारेक वर्षांत एका कुटुंबात एवढा फरक पडणं शक्य नाही, म्हणून माणसाच्या जाती मुळातच वेगवेगळ्या. म्हणजे बायबल बाजूला सारलं आणि गुलामगिरी जागच्या जागी ठेवली. गुलामीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस यांनी त्याच वर्षी जुलैत, एका कॉलेजच्या समारंभात, या मांडणीची चिरफाड केली.

आणि त्याच १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिकबाहेर शरणपूर वसवलं. ब्रिटिश आरमाराने अरबांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरत, त्यातली काही इथे येत. सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी आणि बायबल शिकत. जगभरचे विद्वान ज्यांच्या कुळाबद्दल भांडत होते, ती मुलं गोदावरीकाठी उत्पत्तीचं पुस्तक वाचत होती. १८६६ मध्ये स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या शेवटच्या सफरीवर निघाले तेव्हा इथली काही मुलं सोबत होती. पुढे १८७२ मध्ये त्यांना जाऊन मिळालेला जेकब वेनराइटही नाशिकलाच शिकलेला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा प्रार्थना त्याने वाचली, झाडावर नाव त्याने कोरलं, आणि १८७४ मध्ये शवपेटीसोबत तो वेस्टमिन्स्टर ॲबेपर्यंत गेला. शरणपूरचे बरेच आफ्रिकन पुढे प्राइस यांच्याबरोबर मोंबासाजवळच्या फ्रेअरटाउनला गेले.

१८७३ मध्येच जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' आलं. अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना ते अर्पण केलेलं आहे, आणि त्यात मत्स्यावतार म्हणजे समुद्रावरून आलेल्या आर्यांच्या टोळीचा नायक, अशी उलटी मांडणी आहे. प्रलयाच्या गोष्टीतून माणसांची कुळं शोधायची रीत तीच, बाजू मात्र मार खाणाऱ्याची.

हामचा रंगही सोयीने बदलला. १८६३ मध्ये स्पीक या इंग्रज प्रवाशाने मध्य आफ्रिकेतले राज्यकर्ते बाहेरून आलेले उजळ लोक ठरवले. पुढे यांनाच 'हामवंशी' म्हणू लागले. पूर्वी शापामुळे काळा झालेला हाम आता काळ्यांवर राज्य करणारा झाला. रवांडात तुत्सी जमातीला परकं ठरवण्याचं मूळ यात आहे, आणि १९९४ मध्ये तिथे तुत्सींची कत्तल झाली ते सर्वांना माहीत आहे.

आज वाद जनुकांवर आला आहे. १९६१ पासून अमेरिकेत जोर धरलेले, जलप्रलय शब्दशः खरा मानणारे लोक म्हणतात, नोहाचं घर गव्हाळ असेल, त्यातून गोरे-काळे दोन्ही निघाले, बाबेलच्या बुरुजापाशी भाषा वेगळ्या झाल्यावर पांगले. रंगापुरतं हे अगदीच टाकाऊ नाही. आपल्याकडे एकाच आईची दोन मुलं, एक गोरं नि एक सावळं, घरोघरी दिसतात. युरोपात उजळ कातडी देणारा एका जनुकाचा प्रकार २००५ मध्ये सापडला, तो भारतातही भरपूर आहे.

अडतं ते दुसरीकडे. प्रत्येक माणसात एका जनुकाच्या दोन प्रती असतात. नोहाच्या दोन, बायकोच्या दोन, मुलांच्या त्यातल्याच, तीन सुनांच्या सहा. झाल्या दहा. किडनी बसवताना डॉक्टर ज्याची जुळवणी बघतात त्या एचएलए गटातल्या एकेका जनुकाचे हजारो प्रकार माणसांत सापडले आहेत. साडेचार हजार वर्षांत दहाचे एवढे होत नाहीत. शिवाय त्यातल्या काही शाखा चिंपांझीतही आहेत, म्हणजे त्या माणसाहून जुन्या.

हा दहाचा हिशेब मी त्या मुलाला कागदी कपावर पेनाने मांडून दाखवला. त्याने तो नीट पाहिला आणि काकांकडे वळला. "मग आपण कोणाचे, काका? हामचे?"

"छे," काका म्हणाले. "आपण शेमचे. मधले."