टाकी लहान म्हणून कासव लहान राहत नाही

"टाकीएवढंच वाढतं हो ते!" बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही विचारा, कासव घेताना हे वाक्य कानावर पडतंच. साफ खोटं आहे.

दुकानात मिळणारं, कानामागं लाल पट्टा असलेलं ते हिरवं पिल्लू (रेड-इअर्ड स्लायडर) मूळचं अमेरिकेतलं. मादी २५ ते ३० सेंटीमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळली तर २० वर्षं सहज काढते. लहान टाकीत वाढ खुंटलीच, तर ती हालअपेष्टांची खूण. कॅल्शियम आणि अतिनील किरण कमी पडले की कवच मऊ पडतं, वाकडंतिकडं वाढतं. कासवाला पाण्याबाहेर कोरडी जागा, वरून ऊब आणि अतिनील दिवा लागतो. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्या कामाचं नाही. ते किरण काचच अडवते.

म्हणून दुकान पारखायचं तर आधी तिथल्याच टाकीत डोकावा. बसायला दगड नाही, पाणी गढूळ, पिल्लं एकमेकांच्या पाठीवर चढलेली? निघा तिथून. चांगला दुकानदार पूर्ण वाढीचं माप आपणहून सांगतो, प्रसंगी गिऱ्हाईक परतही पाठवतो. (असे थोडेच, पण असतात.)

मोठं झालं की बेळगावच्या किल्ला तलावात सोडायचं, हा तोडगा तर त्याहून वाईट. हे कासव स्थानिक कासवांचं अन्न नि जागा बळकावतं.

आणि कुणी हळूच "चांदणी कासव आणून देतो, लक्ष्मी येते" म्हणालं, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हे आपल्याकडचं रानातलं कासव विकणं आणि घरात ठेवणं, दोन्ही गुन्हा आहे. वन खात्याला कळवा.