मोठा अंबाडा म्हणजे दाट केस? तसं नाही

"जुन्या काळी बायकांचे केस दाट होते म्हणून एवढे मोठे अंबाडे व्हायचे, आताच्या केसांवर जमणारच नाहीत" हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. फोटो बघून कुणालाही खरंच वाटेल.

पण आत भर असायची. आपल्याकडे गंगावन (जोडायचे खोटे केस), आणि युरोप-अमेरिकेत १९०० च्या आसपास बायका विंचरताना गळलेले स्वतःचेच केस झाकणाला भोक असलेल्या डबीत साठवून त्याचे गोळे करायच्या, त्यांना म्हणायचे रॅट, त्यावर वरचे केस ओढून घ्यायचे.

बघायचंय? मी फोंड्यात हेअर-मेकअप शिकते, पातळ केसांच्या मैत्रिणीवर आधी नुसता अंबाडा घातला, मग जाळीत केसांचा गोळा भरून, वर अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा. केस तेच, अंबाडा दुप्पट!