ताप आला म्हणून चुकलेला डोस

टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत रोज सकाळी कितीतरी बेळगावकर फिरायला जातात. देवीची लस इथं तयार व्हायची. वासरांच्या कातडीवर ती वाढवत. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही, १९८० मध्ये जगातूनच रोग गेल्याचं जाहीर झालं. आता आजीच्या दंडावरचा व्रण तेवढा उरलाय.

लस नकोच म्हणणारे आईबाप मला या भागात फार थोडे भेटले. डोस चुकतात ते वेगळ्याच कारणानं. खानापूरकडच्या एका अंगणवाडीत पाच महिन्यांचं बाळ घेऊन आलेली आई आशाताईंना सांगत होती, "अक्का, पहिल्या सुईला रातभर फणफणलं पोर. मांडी दगडासारखी झाली. सासूबाई म्हणाल्या, राहू दे आता."

ती सुई पेंटाव्हॅलंटची. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब जंतूचा न्यूमोनिया-मेंदूज्वर, अशा पाच दुखण्यांवरची. त्यात डांग्या खोकल्याचे अख्खे, पण मेलेले जंतू असतात. शरीराला ते खऱ्या हल्ल्यासारखेच वाटतात. संरक्षक पेशी धावून येतात, त्यातून ताप येतो, सूज येते. बहुधा एक-दोन दिवसांत सगळं उतरतं. ताप त्याहून लांबला किंवा झटका आला, तर मात्र डॉक्टरांकडेच जायचं.

मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तीनदा का टोचायचं? पहिल्या डोसला शरीराची जंतूशी नुसती तोंडओळख होते, पुढच्या दोन डोसांनी ती पक्की होते. मधे खंड पडला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलं तिथून पुढे जायचं. हे त्या आईला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं.

त्यात आपली महाराष्ट्र-कर्नाटक सीमा. पहिलं बाळंतपण चंदगडला माहेरी, तिथलं लसीकरणाचं कार्ड मराठीत. सासरी आलं की 'तायी कार्ड', तेही कन्नडमध्ये. (तायी म्हणजे आई. आपल्याकडं सगळे 'ताई कार्ड'च म्हणतात.) रकाने वाचता येत नाहीत, म्हणून तारखा निसटतात. वेळापत्रक मात्र दोन्हीकडं एकच आहे, माहेरचं कार्ड दाखवलं की इथं पुढचा डोस मिळतो.

गोवर-रुबेलाचा डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, कारण त्याआधी आईकडून आलेली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूशी लढणारी द्रव्यं, लसीला नीट काम करू देत नाहीत. त्या वयातही शंभरातल्या साधारण पंधरा मुलांना पहिला डोस लागू पडत नाही, म्हणून दीड वर्षाच्या सुमारास दुसरा. लस न घेतलेल्यांत गोवराचा एक रोगी बारा ते अठरा जणांना रोग देतो.

त्या दिवशी बाळाला दुसरा डोस मिळाला. पॅरासिटामॉल किती थेंब द्यायचं, हे आईनं दोनदा विचारलं. तिसऱ्याची तारीख आशाताईंनी कार्डाच्या कडेला मराठीत लिहून दिली.