हक्क आले पैशांच्या मागोमाग : अमेरिकेतील शुश्रूषागृहांच्या कायद्याची पार्श्वभूमी

मराठीत ‘नर्सिंग होम’ म्हटले की डॉक्टरांचे छोटे खासगी रुग्णालय डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत मात्र हा शब्द वेगळ्या जागेसाठी वापरतात. ज्यांना चोवीस तास शुश्रूषा लागते, पण रुग्णालयात ठेवण्याइतकी ज्यांची प्रकृती गंभीर नसते, अशी माणसे, मुख्यतः वृद्ध, तेथे दीर्घकाळ आणि पुष्कळदा अखेरपर्यंत राहतात. या टिपणात त्या जागेला शुश्रूषागृह म्हटले आहे. तेथील निवाशांच्या कायदेशीर संरक्षणाचा गाभा १९८७ च्या संघीय कायद्यात आहे. तरीही हे हक्क खरोखर निवाशाचे स्वतःचे आहेत, की सरकारी अनुदानाच्या करारातील केवळ अटी आहेत, हा प्रश्न २०२३ पर्यंत सर्वोच्च न्यायालयासमोर उभा होता. तो इतका काळ का रेंगाळला, हे समजण्यासाठी १९३५ पासून सुरुवात करावी लागते.

त्या वर्षीच्या सामाजिक सुरक्षा कायद्याने गरीब वृद्धांना मासिक साहाय्य देण्यासाठी राज्यांना संघीय निधी उपलब्ध करून दिला, पण सार्वजनिक संस्थेत राहणाऱ्याला हे साहाय्य मिळणार नाही, अशी अट घातली. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली सरकारी निराधारगृहे बदनाम झाली होती आणि वृद्धांना तेथून बाहेर काढावे, असा त्यामागील हेतू होता. परंतु घरी सांभाळणारे कोणी नाही आणि स्वतःच्या पायांवर उभे राहता येत नाही, अशा माणसाने जायचे कोठे, याचा विचार कायद्यात नव्हता. साहजिकच हातात पैसे असलेले हे वृद्ध खासगी घरांत पैसे भरून राहू लागले आणि त्या घरांतून शुश्रूषागृहांचा व्यवसाय उभा राहिला. त्यावर देखरेख ठेवणारा कायदा त्या वेळी जवळजवळ कोठेच नव्हता.

१९५० च्या दुरुस्तीने सेवा पुरविणाऱ्या संस्थेला थेट पैसे देण्याची मुभा दिली आणि त्याबरोबर अशा संस्थांना परवाने देणारी यंत्रणा राज्यांनी नेमावी, अशी अट घातली. आधी पैसा, मग त्या पैशाला जोडलेली अट, हा क्रम येथे पक्का झाला. परवान्यांचे निकष बहुतांशी इमारतीपुरते होते आणि तेही काटेकोरपणे पाळले जात नव्हते. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ओहायोतील फिचव्हिल येथील शुश्रूषागृहाला लागलेल्या आगीत ६३ निवासी दगावले. आदल्याच दिवशी अध्यक्ष केनेडी यांची हत्या झालेली असल्याने एवढी मोठी दुर्घटनाही देशाच्या नजरेआड राहिली.

१९६५ मध्ये वृद्धांच्या आरोग्यविम्यासाठी मेडिकेअर आणि गरिबांच्या आरोग्यखर्चासाठी मेडिकेड या सरकारी योजना आल्या आणि सरकारी पैशांचा ओघ कितीतरी पटींनी वाढला. मेडिकेअरने ठरविलेले निकष फारच थोड्या संस्था पूर्ण करू शकत होत्या. निकष लावले तर खाटा अपुऱ्या पडणार, हे दिसताच प्रशासनाने ‘बऱ्याच अंशी पूर्तता’ अशी सोयीची संकल्पना काढून संस्थांना सामावून घेतले. या तडजोडीची किंमत पुढे निवाशांनी मोजली. १९७० मध्ये ओहायोतीलच मॅरिएटा येथील शुश्रूषागृहात पुन्हा आग लागून तिसांहून अधिक माणसे मरण पावली, आणि या वेळी मात्र चर्चा दडपली गेली नाही. १९७१ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी सुधारणांचा कार्यक्रम जाहीर केला. निवाशांच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालांचा प्रयोग १९७२ मध्ये काही राज्यांत सुरू झाला आणि १९७८ मध्ये तो सर्व राज्यांना बंधनकारक करण्यात आला. १९७४ मध्ये प्रथमच निवाशांच्या हक्कांची यादी संघीय नियमांत आली. त्याच वर्षापासून सिनेटर फ्रँक मॉस यांच्या उपसमितीने प्रसिद्ध केलेल्या अहवालमालेने सगळ्या परिस्थितीला सार्वजनिक धोरणाचे अपयश असे स्पष्ट नाव दिले.

मात्र खरी गोम तपासणीच्या पद्धतीत होती, आणि ती उघड झाली कोलोरॅडोमधील एका खटल्यात. मेडिकेडवर अवलंबून असलेल्या निवाशांच्या वतीने १९७५ मध्ये दाखल झालेल्या या दाव्याचे म्हणणे असे होते की, सरकार पैसे देते पण त्या पैशांतून प्रत्यक्ष शुश्रूषा होते की नाही, हे पाहतच नाही. तपासनीसांच्या अर्जात ५४१ प्रश्न होते आणि त्यांपैकी अवघे ३० प्रश्न ओढूनताणून का होईना निवाशाच्या शुश्रूषेशी संबंधित होते. बाकीचे प्रश्न इमारत, कागदपत्रे आणि लेखी धोरणे यांविषयीचे. संस्था चांगली शुश्रूषा देऊ शकते का, एवढेच या पद्धतीत तपासले जाई. ती देते का, हे कोणी विचारीत नसे. १९८४ मध्ये कोलोरॅडो ज्याच्या कक्षेत येते त्या संघीय अपील न्यायालयाने (दहावे सर्किट) निर्णय दिला की, प्रत्यक्ष शुश्रूषेची खात्री करून देणारी यंत्रणा उभारणे हे संघीय आरोग्यमंत्र्यांचे कायदेशीर कर्तव्यच आहे.

याच सुमारास, १९८२ मध्ये, रेगन प्रशासनाने तपासणीचे नियम सैल करण्याचा प्रस्ताव मांडला होता. त्यावर इतका गदारोळ झाला की काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, तो रोखला आणि आरोग्यविषयक सल्ला देणाऱ्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेकडे अभ्यास सोपविण्यात आला. या संस्थेचा १९८६ चा अहवाल हा पुढच्या वर्षीच्या कायद्याचा पाया ठरला. नियम शिथिल करू पाहणाऱ्या प्रस्तावातून आजवरचा सर्वांत कडक कायदा जन्माला यावा, ही गंमत नोंदविण्यासारखी आहे.

२२ डिसेंबर १९८७ रोजी संमत झालेल्या अर्थसंकल्पीय कायद्याचा भाग म्हणून आलेल्या या सुधारणा कायद्याने मापदंडच बदलला. निवाशाची शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्थिती शक्य तितक्या उत्तम पातळीवर पोहोचविणे व तेथे टिकविणे, हे संस्थेचे कर्तव्य ठरले. त्यासाठी प्रत्येक निवाशाची ठरावीक नमुन्यात तपासणी आणि त्यावर आधारलेला शुश्रूषा-आराखडा आवश्यक झाला. साहाय्यक परिचारकांना किमान ७५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. शिक्षा म्हणून किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी निवाशाला खुर्चीला वा पलंगाला बांधून ठेवणे, अथवा औषधांनी गुंगीत ठेवणे, यांवर बंदी आली. त्या काळी पडण्यापासून वाचविण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे हा नित्याचा प्रघात होता, त्यामुळे रोजच्या जगण्यात सर्वाधिक फरक बहुधा याच कलमाने पाडला असावा. निवाशाला शुश्रूषागृहाबाहेर काढण्यासाठी मोजकीच कारणे मान्य झाली. पैसे थकणे, इतरांच्या सुरक्षिततेला धोका असणे, गरजेची शुश्रूषा संस्थेला देता न येणे, ही त्यांतील काही होत. असे कारण असले तरी सहसा ३० दिवसांची लेखी सूचना आणि अपिलाचा हक्क देणे बंधनकारक झाले. दंडाची नवी व्यवस्था मात्र प्रत्यक्षात यायला १९९५ चा जुलै उजाडला.

यानंतरचा झगडा हक्क बजावायचे कोठे, याविषयीचा आहे. प्रवेशाच्या कागदांतच वाद लवादाकडे नेण्याचा करार करून घेण्याची पद्धत रूढ झाली होती. गोंधळलेल्या कुटुंबाने त्या गठ्ठ्यावर सही करायची आणि न्यायालयाचा दरवाजा स्वतःच बंद करून घ्यायचा, असा तो प्रकार. २०१६ मध्ये संघीय प्रशासनाने अशा करारांवर घातलेली बंदी न्यायालयाने अंमलापूर्वीच स्थगित केली. २०१९ च्या नियमाने करारांना मुभा दिली, पण प्रवेशासाठी सहीची सक्ती करता येणार नाही आणि ३० दिवसांत करार मागे घेता येईल, अशी तरतूद केली.

दुसरा झगडा सुरुवातीला सांगितलेला. इंडियानातील सरकारी मालकीच्या शुश्रूषागृहात स्मृतिभ्रंश झालेल्या एका निवाशाला औषधांनी गुंगीत ठेवून पुढे दुसरीकडे हलविल्याची तक्रार होती. १९८७ चा कायदा हा केंद्र आणि राज्य यांच्यातील पैशांचा करार आहे, निवासी त्यात तिऱ्हाईत आहे, असा बचाव करण्यात आला. १९३५ पासूनची सगळी रचना पाहता तो अगदीच अनाठायी नव्हता. न्यायमूर्ती केतांजी ब्राउन जॅक्सन यांनी लिहिलेल्या ८ जून २०२३ च्या निकालाने सात विरुद्ध दोन मतांनी तो फेटाळला आणि निवाशाला १८७१ च्या नागरी हक्क कायद्याखाली दावा लावता येतो, हे मान्य केले. मात्र तो कायदा सरकारी अधिकाराने वागणाऱ्यांनाच लागू होतो आणि बहुसंख्य शुश्रूषागृहे खासगी आहेत, त्यामुळे या विजयाचा परीघ वाटतो त्यापेक्षा लहान आहे.

मनुष्यबळाचा प्रश्न तर १९८७ मध्येच अर्धवट सोडला गेला होता. २०२४ मध्ये प्रत्येक निवाशामागे दररोज ३.४८ तासांची शुश्रूषा आणि चोवीस तास नोंदणीकृत परिचारिका (साध्या परवानाधारक परिचारिकेपेक्षा अधिक शिक्षण घेतलेली) असा नियम जाहीर झाला. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने त्याच्या मुख्य तरतुदी रद्द ठरविल्या आणि त्याच वर्षी जुलैमध्ये काँग्रेसने त्याची अंमलबजावणी सप्टेंबर २०३४ च्या अखेरीपर्यंत रोखली. चोवीस तास परवानाधारक परिचारिका आणि त्यात दिवसातले सलग आठ तास नोंदणीकृत परिचारिका, ही १९८७ मधील किमान अट त्यानंतरही तशीच उरली, मग शुश्रूषागृह तीस खाटांचे असो की तीनशे.