हळद गप्प बसते तेव्हा

आंबट कळायला शाळा लागत नाही. चिंच, आमसूल, चार दिवसांचं ताक, जिभेला लागलं की झालं. आम्लारीची ओळखही आधी शरीरालाच होते. विड्यात चुना जास्त पडला की तोंड भाजतं, धुण्याच्या सोड्याचं पाणी बोटांना बुळबुळीत लागतं. उदासीन, म्हणजे ना आम्ल ना आम्लारी अशा पदार्थाची मात्र अशी कुठलीच खूण नाही. मीठ खारट, साखर गोड, पाण्याला चव नाही, आणि तरी तिघांना आपण एकाच खणात टाकतो. हा खण जिभेला सापडलाच नसता. तो रंगामुळे सापडला, आणि तोही बराच उशिरा.

आम्ल आणि त्याचा विरोधक यांचं नातं आपल्याकडे जुन्या काळापासून माहीत होतं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्षार तयार करण्याची सविस्तर कृती आहे. वनस्पती जाळायच्या, राख पाण्यात कालवून गाळायची, ते पाणी आटवायचं आणि त्याचे मृदू, मध्यम, तीक्ष्ण असे प्रकार करायचे. हा क्षार शस्त्रक्रियेऐवजी वापरत. त्याने झालेला दाह शमवायला आंबट द्रव्यं लावावीत असं तिथे म्हटलं आहे, आणि आम्लही तीक्ष्ण असताना दाह कसा शमतो असा प्रश्नही तिथेच विचारला आहे. उत्तर रसांच्या भाषेत येतं: आम्लाशी संयोग झाला की क्षाराचा तीक्ष्णपणा जातो आणि त्याला माधुर्य येतं. आज आपण याला उदासीनीकरण म्हणू. (शाळेतला ‘क्षार’ म्हणजे आम्ल आणि आम्लारी मिळून होणारा पदार्थ, सुश्रुताचा क्षार म्हणजे जाळणारी आम्लारी. पापडखार, टाकणखार यांतल्या ‘खारा’त तो जुना अर्थ अजून टिकून आहे.) पण परीक्षा होती ती चवीची आणि स्पर्शाची.

रंग बदलतो हे रंगाऱ्यांना ठाऊक होतं. युरोपात खडकांवर वाढणाऱ्या शैवाकांपासून, म्हणजे आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या दूरच्या भावंडांपासून, जांभळा रंग काढत. शैवाकं लघवीत कुजवायची, तिच्यातल्या अमोनियाने रंग उमलायचा. फ्लॉरेन्सचं रुचेल्लाई घराणं या धंद्यावर गब्बर झालं. याच जातीच्या शैवाकांत चुना आणि पोटॅश (राखेतून मिळणारी आम्लारी) घालून पुढे हॉलंडमध्ये निळा लिटमस तयार होऊ लागला. रंगाऱ्याच्या दृष्टीने मात्र आंबटाने रंग पालटणं ही कटकट होती. माल बिघडू नये, एवढंच त्याला हवं.

रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलने हा प्रश्न उलटा केला. 1664 साली लंडनमध्ये त्याचं रंगांवरच्या प्रयोगांचं पुस्तक निघालं. त्यातला एक प्रयोग व्हायोलेट फुलांच्या सरबताचा आहे. हे सरबत तेव्हा औषध म्हणून सहज मिळे. त्याचा थेंब पांढऱ्या कागदावर टाका, कारण कागदावर बदल उठून दिसतो आणि माल थोडा लागतो, असं तो सांगतो. वर व्हिनेगरचे दोन-तीन थेंब टाकले की लाल, पोटॅशचं पाणी टाकलं की हिरवं. कागदावर परीक्षा घेण्याची ही युक्ती मला त्या रंगबदलापेक्षाही मोलाची वाटते. लिटमसच्या पट्टीची चाहूल तिथेच लागते.

बॉइलचं खरं पाऊल पुढचं होतं. त्याने हे फक्त व्हिनेगरचं वैशिष्ट्य मानलं नाही. सगळी आम्लं हे करतात, म्हणून जे हे करतं ते आम्ल, असा त्याचा रोख होता. मग जे द्रव्य सरबताला लालही करत नाही आणि हिरवंही करत नाही, ते दोन्ही गटांच्या बाहेरचं ठरतं. आज हे साधं वाटतं. त्या काळी मात्र साऱ्या सृष्टीचा खुलासा आम्ल आणि अल्क (म्हणजे आम्लारी) या दोघांच्या झगड्यातून करणारा मोठा पंथ होता. 1666 साली ओटो टाखेनियसने ते मत हिरिरीने मांडलं, आणि 1675 साली बॉइलने त्याच्या विरोधात लिहिलं. दोनच पक्ष असलेल्या जगात तिसऱ्या गटाला जागा नव्हती. फेस आला की आम्ल-अल्क भेटले, एवढ्यावर लोक निकाल देत. रंगामुळे, बाजू न घेणाऱ्यांनाही मोजता येऊ लागलं.

पुढचं शतक व्यापाऱ्यांचं. काच आणि साबण करणाऱ्यांना पोटॅश किती अस्सल हे हवं होतं. 1767 साली विल्यम लुइसने पोटॅशमध्ये आम्ल घालत जाऊन कुठे थांबायचं हे ठरवायला लिटमस वापरला. उदासीन हा आता नुसता गट राहिला नाही. तो एक बिंदू झाला, आणि त्या बिंदूवर पैसे ठरू लागले.

सिद्धांत मात्र रंगाच्या मागून धापा टाकत येत होता. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लॅव्होझिएच्या मते प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असणारच. ते नावच ‘आम्ल निर्माण करणारा’ अशा अर्थाचं. मिठापासून मिळणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लाने लिटमस लाल होतो, पण त्यात ऑक्सिजन नाही, हे 1810 च्या सुमारास हम्फ्री डेव्हीने दाखवून दिलं. लिटमसला लॅव्होझिएचं मत माहीत नव्हतं, म्हणून तो बरोबर होता.

आता आपली हळद. पांढऱ्या शर्टावरचा आमटीचा डाग साबण लागताच लालभडक होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेलं असतं. मुका मार लागल्यावरचा हळद-चुन्याचा लेप त्याच कारणाने तांबडा होतो. हळदीतलं कुरक्युमिन आम्लारीत रंग पालटतं, लिंबू पिळलं की परत पिवळं. पण लिंबू किंवा मिठाचं पाणी घातलं तर ती पिवळीच राहते. ती फक्त ‘आम्लारी आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगते. आम्ल आणि उदासीन यांत तिला फरक कळत नाही. म्हणून ‘हळद बदलली नाही, म्हणजे पदार्थ उदासीन’ हे शाळेच्या वहीत सापडणारं वाक्य चुकीचं आहे.

कुंकवाबाबत एक गंमत. हळद अधिक चुना म्हणजे कुंकू असं सरसकट सांगितलं जातं. तसा लाल रंग लिंबाने उतरायला हवा. पण पारंपरिक कृतीत हळकुंडं लिंबाच्या रसात टाकणखारासोबत मुरवतात, म्हणजे आम्लातच. टाकणखारातलं बोरॉन कुरक्युमिनला धरून वेगळंच लाल संयुग तयार करतं, ते आंबटाला दाद देत नाही. हळदीच्या कागदाने बोरिक आम्ल ओळखण्याची प्रयोगशाळेतली जुनी चाचणी याच गुणावर उभी आहे. विड्याचा लाल रंगही या यादीतला नव्हे. काताचा रंग चुन्यात बदलतो तो कायमचा, मागे फिरत नाही.

जास्वंद, जांभूळ, आमसूल, गोकर्ण यांचं काम अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं करतात. रिखार्ड विल्स्टेटरने 1913 च्या सुमारास दाखवलं की निळ्या कॉर्नफ्लॉवरमध्ये आणि लाल गुलाबात मुळात एकच रंगद्रव्य आहे. त्याआधीच फिनॉल्फ्थॅलिन आलं (1871 साली बनलं, 1877 साली दर्शक, म्हणजे रंगाने आम्ल-आम्लारी दाखवणारं द्रव्य, म्हणून सुचवलं गेलं), आणि 1909 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सनने पीएच, म्हणजे आम्लता मोजण्याचा आकडा, मांडला. उदासीनला आकडा मिळाला, 7. तोही 25 अंश सेल्सिअसला.

घरी तिन्ही गट दाखवायचे तर हळदीच्या जोडीला जास्वंदीचा अर्क घ्या. आम्लात तो गडद गुलाबी होतो, आम्लारीत हिरवा. दोघांनीही मूळ रंग सोडला नाही तरच उदासीन म्हणा. नमुना म्हणून मिठाचं पाणी ठेवणार असाल तर डिस्टिल्ड वॉटर उकळून, झाकून गार करा आणि ऐन वेळी मीठ घाला. उघडं राहिलेलं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं, आणि त्याचा पीएच 6 च्याही खाली उतरतो.