केसॅन गप्प आहे म्हणून लीक नाही, असं नव्हे

केसॅन (KASAN, कर्नलमधला चुकीचा मेमरी ॲक्सेस पकडणारं साधन) लावून सगळ्या टेस्ट पास झाल्या, म्हणजे मेमरी लीकचीही, म्हणजे घेतलेली मेमरी परत न देता हरवण्याचीही, काळजी मिटली, असं लिनक्स कर्नलवर काम करणारे बरेच जण धरून चालतात. गैरसमज समजण्यासारखा आहे. यूजरस्पेसमधल्या, म्हणजे साध्या प्रोग्रॅम्ससाठीच्या, ॲड्रेस सॅनिटायझर या तशाच साधनासोबत लीक शोधणारा भागही येतो. कर्नलच्या केसॅनमध्ये तो नाही. तिथे लीक शोधतो केमेमलीक, तो २००९ पासून कर्नलमध्ये आहे.

एक ड्रायव्हर घ्या. त्याने केमॅलॉकने, म्हणजे कर्नलकडे मेमरी मागणाऱ्या फंक्शनने, बफर घेतला, पुढची पायरी फसली आणि फंक्शन केफ्री न करताच, म्हणजे ती मेमरी परत न देताच, एरर देऊन परतलं. बफरचा पत्ता फक्त लोकल व्हेरिएबलमध्ये होता, तोही गेला.

केमॅलॉकने दिलेल्या ब्लॉक्सची नोंद केमेमलीककडे असते. एरवी दर १० मिनिटांनी तो हे ब्लॉक पांढरे, म्हणजे पत्ता अजून न सापडलेले, धरतो आणि ग्लोबल डेटा, पर-सीपीयू भाग (प्रत्येक सीपीयूचा वेगळा डेटा), टास्कचे स्टॅक असं सगळं पॉइंटरएवढ्या, म्हणजे एका पत्त्याएवढ्या, तुकड्यांनी वाचत जातो. वाचलेली किंमत एखाद्या ब्लॉकच्या हद्दीत पडली, अगदी मधोमध पडली तरी, तो ब्लॉक करडा, म्हणजे पत्ता सापडलेला, होतो आणि मग त्याच्या आतही तसाच शोध चालतो. शेवटी पांढरे उरतात ते संशयित.

संशयितच म्हणायचं, कारण समोरची किंमत पॉइंटर आहे की साधा आकडा, हे त्याला कळत नाही. स्टॅकवर पत्त्यासारखा दिसणारा जुना आकडा उरला की खरी लीक लपते. शिवाय मागच्या फेरीपासून ब्लॉकमधला मजकूर बदललेला दिसला, तर तो त्या फेरीत तक्रार करत नाही. नव्या ब्लॉकचं पहिल्या फेरीत बहुधा असंच होतं. म्हणून डीबग-एफएस या डीबगिंगसाठीच्या फाइल सिस्टिममधल्या केमेमलीकच्या फाइलमध्ये ‘स्कॅन’ लिहून रिपोर्ट रिकामा आला, तर पुन्हा एकदा स्कॅन कराच.

केसॅन असा शोधत फिरत नाही. कंपायलर मेमरी वाचण्या-लिहिण्याच्या जागी तपासणी घालतो, आणि दर ८ बाइटमागे १ बाइट शॅडो मेमरी (केसॅनने बाजूला ठेवलेली नोंद) सांगते की तिथे हात लावायची मुभा आहे का. आपल्या हरवलेल्या बफरला कुणी हातच लावत नाही, मग केसॅन बोलणार कशावर? उलट बफर केफ्री झाल्यावर एखादा टायमर त्यात लिहू लागला, तर केसॅन तिथल्या तिथे पकडतो. केमेमलीकने ती नोंद केफ्रीबरोबरच काढून टाकलेली असते.

रिपोर्टही वेगळे वाचावे लागतात. केसॅन चुकीचा ॲक्सेस कुठे झाला ते दाखवतो. केमेमलीकचा बॅकट्रेस (फंक्शन-कॉलची साखळी) ब्लॉक कुठे घेतला एवढंच सांगतो, कुठे हरवला ते नाही. तिथून पुढच्या एररच्या वाटा एकेक करून आपल्यालाच तपासाव्या लागतात.